विश्लेषण : गहाण शेती, दोन पदव्या आणि बॅरिस्टरीची ‘जेवणे’... पापळचे पंजाबराव देशमुख शंभर वर्षांपूर्वी विलायतेत कसे शिकले?

एकाच वेळी दोन पूर्णवेळ पदव्या घेण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये दिली. त्याआधी आपल्याकडे हे नियमात बसत नव्हते. परदेशात मात्र ही वाट जुनी आहे. अमेरिकेत कायदा आणि एमबीए एकत्र करणारे विद्यार्थी पाच वर्षांचे शिक्षण साधारण चार वर्षांत संपवतात. अमरावती जिल्ह्याच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या पापळ गावचा एक तरुण १९२० मध्ये या वाटेने गेला होता. त्या तरुणाचे, म्हणजे डॉ. पंजाबराव उर्फ भाऊसाहेब देशमुख यांचे नाव आज अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला आहे, पीककर्जाच्या व्याज सवलत योजनेला आहे आणि वसतिगृह निर्वाह भत्त्याच्या ऑनलाइन अर्जावरही आहे. त्यांच्या नावापुढचे ‘डॉक्टर’ कशाचे आणि ‘बॅरिस्टर’ कुठून आले, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

पापळ ते पुणे

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी पापळ येथे शेतकरी कुटुंबात झाला. वडील शामराव, आई राधाबाई. घराण्याचे मूळ आडनाव कदम, देशमुखी वतनामुळे देशमुख झाले. वतनदार म्हटले की डोळ्यांसमोर वाडा येतो, पण कोरडवाहू वऱ्हाडात कपाशीच्या एका वाईट हंगामाने वतनदाराचाही हिशेब बिघडत असे.

गावात वरच्या वर्गांची सोय नव्हती. त्यामुळे शाळा बदलत जाणे आलेच. चांदूर रेल्वे, कारंजा आणि मग अमरावतीचे हिंदू हायस्कूल असा तो प्रवास झाला. त्या वेळी अमरावतीत एकही महाविद्यालय नव्हते. किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले १९२३ मध्ये आणि नागपूर विद्यापीठही त्याच वर्षीचे. वऱ्हाडातल्या मुलाला मॅट्रिकनंतर शिकायचे तर नागपूर किंवा पुणे गाठावे लागे. पंजाबराव पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले आणि तिथून १९२० मध्ये विलायतेला.

पैसा कुठून आला?

शामरावांनी शेती गहाण ठेवून मुलाला विलायतेला धाडले, असे वऱ्हाडात सर्वत्र सांगितले जाते. या एका गोष्टीमुळे त्यांच्या शिक्षणाचा सगळा हिशेब बदलतो. सरदार किंवा मोठ्या वकिलाचा मुलगा नापास झाला तर आणखी एक वर्ष राहू शकत असे. गहाणाच्या पैशावर गेलेल्याला ती चैन नव्हती. सावकाराचे व्याज एडिंबरोच्या सत्रांप्रमाणे सुट्टी घेत नाही. म्हणून विलायतेतले प्रत्येक वर्ष दोनदा वसूल व्हायला हवे होते. एका हाताने विद्यापीठाची पदवी आणि दुसऱ्या हाताने बॅरिस्टरी. त्या काळात अनेक भारतीय विद्यार्थी असेच करत. त्यामागे हुशारीची हौस होती, तशीच खर्चाची निकडही होती.

आजच्या विद्यार्थ्यासारख्या राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या तेव्हा नव्हत्या. संस्थानिकांची मदत मिळे, पण त्यासाठी ओळख लागे. पंजाबरावांना आधार मिळाला तो एडिंबरोत, तोही स्वतःच्या गुणांवर. संस्कृतसाठी विद्यापीठाची ‘व्हान्स डनलॉप’ शिष्यवृत्ती त्यांना मिळाली.

एकाच वेळी दोन ठिकाणी शिकणे जमत कसे होते?

इथे त्या काळच्या व्यवस्थेचे दोन बारकावे समजून घ्यावे लागतात.

पहिला एडिंबरोचा. स्कॉटलंडच्या जुन्या विद्यापीठांत एम.ए. ही कला शाखेची पहिली पदवी असते, आपल्यासारखी पदव्युत्तर नव्हे. त्यामुळे भारतातली बी.ए. पदरात नसली तरी तिथे दार उघडे असे. त्याच पदवीच्या बळावर पुढे इंग्लंडमध्ये संशोधनाला जाता येई.

दुसरा बारकावा बॅरिस्टरीचा, आणि तो जास्त गमतीचा. लंडनमध्ये चार ‘इन्स’ आहेत. इन म्हणजे वकिलांची जुनी संस्था. तिथे नाव नोंदवून बारा सत्रे ‘पाळावी’ लागत. वर्षाला चार सत्रे, म्हणजे किमान तीन वर्षे. सत्र पाळायचे म्हणजे वर्गात बसायचे नाही, तर इनच्या भोजनगृहात ठरावीक वेळा जेवायला हजर राहायचे! साधारण उमेदवाराला एका सत्रात सहा जेवणे सक्तीची होती, विद्यापीठात शिकणाऱ्याला फक्त तीन. कायद्याच्या परीक्षा वेगळ्या, पण त्या टप्प्याटप्प्याने देता येत.

तीन जेवणांची ही सवलत म्हणजे त्या काळची ‘ड्युअल डिग्री’ची अधिकृत सोयच होती. एडिंबरोहून लंडन रेल्वेने सुमारे ६३० किलोमीटर. वर्षातून चार वेळा ही फेरी मारायची, तीन संध्याकाळी टेबलावर हजेरी लावायची आणि परत फिरायचे. आजच्या भाषेत सांगायचे तर ७५ टक्के हजेरीची अट, पण वर्गात नाही, मेसमध्ये. महात्मा गांधींनीही १८८८ नंतर अशीच जेवणे पूर्ण केली होती. चार जणांच्या टेबलाला वाइनच्या दोन बाटल्या मिळत आणि गांधीजी पीत नसल्याने त्यांना आपल्या टेबलावर घेण्यासाठी चढाओढ असे.

ऐकायला हे सोपे वाटते. पण इनमध्ये प्रवेशाची फी, सत्रांची फी आणि शेवटी बॅरिस्टर म्हणून नाव लागतानाची फी, सगळे पौंडांत मोजायचे. त्यात रेल्वेभाडे आणि लंडनमधला मुक्काम. गहाणाचा पैसा विद्यापीठापेक्षा बॅरिस्टरीत वेगाने संपत असणार.

कुणब्याच्या पोराने वेदांवरच प्रबंध का लिहिला?

एडिंबरोच्या एम.ए. नंतर पंजाबराव ऑक्सफर्डला गेले. तिथली डी.फिल. ही पदवीच मुळात १९१७ मध्ये सुरू झालेली, म्हणजे ते पोहोचले तेव्हा अगदी नवी. विषय त्यांनी निवडला वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास.

या निवडीमागची पार्श्वभूमी महाराष्ट्रातली आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या घरी वैदिक मंत्र म्हणायचे की पुराणोक्त, यावरून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेदोक्त प्रकरण पेटले होते. खुद्द छत्रपतींना वेदमंत्रांचा अधिकार नाही, असे सांगितले गेले. वऱ्हाडातही सत्यशोधक विचार गावोगाव पोहोचत होता. अशा वेळी पापळच्या शेतकऱ्याचा मुलगा त्याच वेदांवर ऑक्सफर्डमध्ये डॉक्टरेट करतो. यात भक्तीपेक्षा हक्काचा भाग मोठा होता, असे त्यांच्या पुढच्या कामावरून दिसते. ज्या ग्रंथांच्या नावाने दारे बंद केली जात होती, ते ग्रंथ त्यांनी मुळातून वाचले. नंतर धर्माच्या नावाने कुणी वाद घातला तर त्यांना ‘तुम्हाला काय कळते’ म्हणण्याची सोय राहिली नाही.

हा प्रबंध १९३३ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ग्रंथरूपात काढला. प्रस्तावना आर्थर बेरिडेल कीथ यांची. कीथ हे एडिंबरोतले संस्कृतचे ख्यातनाम प्राध्यापक, आणि स्वतः बॅरिस्टरही. वसाहतींच्या राज्यघटनांवरची त्यांची पुस्तके वेदांवरच्या पुस्तकांइतकीच नावाजलेली. संस्कृत आणि कायदा ही जोडी आज विचित्र वाटेल, पण एडिंबरोच्या संस्कृत विभागातच तिचे जिवंत उदाहरण होते.

रंगाचा अनुभव काय होता?

ब्रिटनमधल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या अडचणी इतक्या वाढल्या होत्या की सरकारने लॉर्ड लिटन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९२२ मध्ये आला, म्हणजे पंजाबराव तिथे असतानाच. प्रवेशात मोजक्या जागा, राहायला खोली मिळताना येणारे नकार, प्रशिक्षणाच्या संधी न मिळणे, असे प्रश्न तेव्हा चर्चेत होते. एडिंबरोत भारतीय विद्यार्थ्यांची संघटना १८८३ पासून होती, त्यामुळे नवख्याला आधार मिळे. तरीही १९२७ मध्ये त्याच शहरातल्या काही उपाहारगृहांनी आणि नृत्यगृहांनी आशियाई व आफ्रिकी विद्यार्थ्यांना दार बंद केले. ते प्रकरण वृत्तपत्रांत आणि संसदेपर्यंत गाजले. पंजाबराव त्याच्या एक वर्ष आधी मायदेशी परतले होते.

ऑक्सफर्डचा अनुभव कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आधी घेतलेला होता. अ‍ॅलन लॉक हे ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय अमेरिकी. ते १९०७ मध्ये आले तेव्हा अनेक कॉलेजांनी त्यांना नाकारले, शेवटी हर्टफर्ड कॉलेजने घेतले. त्यांच्याच देशातून आलेले काही गोरे ऱ्होड्स विद्यार्थी त्यांच्यासोबत जेवायला तयार नव्हते. तीन वर्षांनी लॉक पदवीविना परतले. पुढे १९१८ मध्ये त्यांनी हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवली. त्याच काळात दक्षिण आफ्रिकेचे पिक्सली सेमे ऑक्सफर्ड आणि लंडनच्या मिडल टेंपल या इनमध्ये एकाच वेळी शिकत होते. पंजाबरावांसारखीच दुहेरी वाट. परतल्यावर सेमे यांनी १९१२ मध्ये जी संघटना उभारण्यात पुढाकार घेतला, तीच आजची आफ्रिकन नॅशनल काँग्रेस.

जेवणाचे टेबल हा या सगळ्यांतला समान धागा. बॅरिस्टर व्हायचे तर गोऱ्यांच्या पंक्तीला बसणे नियमाने सक्तीचे, आणि रस्त्यापलीकडच्या हॉटेलात तीच पंक्ती नाकारलेली! आज अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलमध्ये कायदा आणि एमबीए एकत्र करणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपुढचा प्रश्न इतका उघड नसतो. पण दोन वर्ग, दोन ओळखींची जाळी, दोन्हीकडे आपल्यासारखे मोजकेच आणि डोक्यावर कर्ज, हे चित्र वऱ्हाडातून गेलेल्या मुलाला परके वाटले नसते.

आणि बाबासाहेब?

याच वर्षी, १९२० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर दुसऱ्यांदा लंडनला गेले. ही जुळणी ध्यानात घेण्याजोगी आहे. कोलंबिया विद्यापीठातून आलेल्या बाबासाहेबांनी १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी नाव नोंदवले होते. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट सोडून यावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत मिळाली आणि ते परत गेले. मग एम.एस्सी. १९२१ मध्ये, बॅरिस्टरी १९२२ मध्ये आणि डी.एस्सी. १९२३ मध्ये.

दोघांची तुलना सरसकट करता येत नाही. अस्पृश्यतेचा जाच पंजाबरावांच्या वाट्याला आला नव्हता. गावात त्यांचे घर देशमुखांचे होते, पाणवठा बंद नव्हता. पण विलायतेतून दोन-दोन शिक्के घेऊन आलेले हे दोघे पुढे एकाच मांडवात दिसले, तेही अमरावतीत.

परतल्यावर पदव्यांचे काय केले?

१९२६ मध्ये पंजाबराव परतले आणि अमरावतीत वकिली सुरू केली. गहाण सोडवायचे तर कोर्टात पैसा होता. त्यांचे बरेचसे लक्ष मात्र दुसरीकडे गेले.

अमरावतीचे अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुले करावे यासाठी १९२७ मध्ये चळवळ सुरू झाली. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी इंद्रभुवन थिएटरमध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. पंजाबराव या चळवळीच्या बाजूने उभे राहिले. मंदिराच्या दारावर वेदांचा डॉक्टर उभा राहतो तेव्हा शास्त्राचा हवाला देणाऱ्यांची अडचण होते. त्याच वर्षी त्यांनी सोनार समाजातील विमल वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. याच विमलाबाई पुढे १९६७ ते १९७२ या काळात राज्यसभेच्या सदस्य होत्या.

१९२८ मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या. इथे कायद्याचे शिक्षण उपयोगी पडले. विहीर सार्वजनिक पैशातून बांधलेली असेल तर ती कुणाला बंद ठेवता येत नाही, हा मुद्दा भावनेने कमी आणि नियमाने जास्त पटतो.

१९३० मध्ये ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून गेले आणि शिक्षण व शेती खात्यांचे मंत्री झाले. मंत्रिपद १९३३ पर्यंत टिकले, पण याच काळातले दोन प्रयत्न महत्त्वाचे. देवस्थानांच्या संपत्तीचा उपयोग समाजाच्या, विशेषतः शिक्षणाच्या कामी व्हावा यासाठी त्यांनी हिंदू देवस्थान संपत्ती विधेयक आणले. त्याला अपेक्षेप्रमाणे जोरदार विरोध झाला. दुसरा प्रयत्न १९३३ च्या कर्जलवाद कायद्याचा. जागतिक मंदीने कापसाचे भाव कोसळले होते आणि शेते सावकारांकडे जात होती. या कायद्याने कर्जलवाद मंडळे आली. मंडळापुढे सावकार आणि शेतकरी दोघांना बोलवायचे, कर्ज झेपेल इतके खाली आणायचे आणि हप्ते पाडायचे. रास्त तडजोड नाकारणाऱ्या सावकाराला पुढे दिवाणी न्यायालयात फटका बसे. सरसकट कर्जमाफी त्यात नव्हती. पण जप्तीच्या आधी एक पायरी तयार झाली. गहाणखत म्हणजे काय, हे या मंत्र्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

पुढच्या मुलांसाठी काय उभे राहिले?

अमरावतीत त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत. खेड्यातल्या मुलाची शाळा फीपेक्षा राहण्याच्या खर्चाने जास्त सुटते, हे चांदूर-कारंजा-अमरावती करत शिकलेल्याला ठाऊक होते. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. आज पश्चिम विदर्भात तिच्या शाळा, महाविद्यालये आणि वसतिगृहांचे मोठे जाळे आहे. घरातून पहिल्यांदा कॉलेजला गेलेल्या वऱ्हाडातल्या असंख्य जणांचा पत्ता या संस्थेच्या हजेरीपटावर सापडेल.

संविधान सभेत ते सदस्य होते. नागरिकत्वापासून मागासवर्गीयांच्या प्रतिनिधित्वापर्यंत अनेक कलमांवर त्यांनी दुरुस्त्या सुचवल्या. मागासवर्गीयांचा देशपातळीवरचा महासंघही त्यांनी उभारला.

‘देशाचे पहिले कृषिमंत्री’ हे खरे का?

समाजमाध्यमांवर दर जयंतीला ही ओळ फिरते. ती काटेकोरपणे बरोबर नाही. स्वातंत्र्यानंतर डॉ. राजेंद्र प्रसाद, जयरामदास दौलतराम आणि कन्हैयालाल मुन्शी यांनी अन्न व कृषी खाते सांभाळले. पंजाबराव १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत अमरावतीतून लोकसभेवर गेले आणि १९६२ पर्यंत केंद्रात कृषी खात्याचे मंत्री राहिले. इतका दीर्घ काळ त्या खात्यात राहणारे ते पहिले, हे मात्र खरे. भातशेतीच्या जपानी पद्धतीचा प्रसार, १९५५ ची भारत कृषक समाज ही संघटना आणि १९५९-६० मध्ये दिल्लीत भरलेले जागतिक कृषी प्रदर्शन ही त्या दहा वर्षांतली ठळक कामे. प्रदर्शनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवरही आले होते.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. तेव्हा ते लोकसभेचे सदस्य होते. चार वर्षांनी, २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ सुरू झाले.

नावाची योजना कुणासाठी?

डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना ही अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी घराबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याला राहण्या-जेवणाच्या खर्चापोटी तिचा आधार मिळतो. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो. उत्पन्नाचा दाखला, शेतीची किंवा मजूर नोंदणीची कागदपत्रे आणि बँक खात्याशी आधार जोडलेले असणे गरजेचे. रकमा आणि उत्पन्नाची मर्यादा बदलत असल्याने अर्जाआधी पोर्टलवर त्या वर्षीची माहिती तपासावी. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या विद्यार्थ्यांना सात-बारा उतारा आता घरबसल्या महाभूलेखवर काढता येतो.